जुन्या चर्चच्या भिंती आणि आमचे नवे शहाणपण

खेड्यातले जुने चर्च पाडावयाचे ठरले की त्याची कारणे आधीच तयार असतात. छप्पर गळते. भिंतींना तडे गेले आहेत. नाताळला माणसे बाहेर उभी राहतात. दुरुस्तीपेक्षा नवे बांधणे परवडते. आणि ही सारी कारणे संपली की शेवटचे, बिनतोड समजले जाणारे कारण पुढे येते, "असे काय ऐतिहासिक आहे त्यात? ते काय वसईचे आहे, की गोव्याचे?" वर्धा जिल्ह्यात आणि भोवतालच्या कापसाच्या मुलखात धर्मसेवा करताना ही मालिका आम्ही इतक्या बैठकांतून ऐकली आहे की ती आम्हाला आता जपमाळेसारखी पाठ झाली आहे. बैठकीचे गाव बदलते, मणी तेच. बहुधा भिंतीचा तडा कोणी मोजण्यापूर्वीच नव्या इमारतीचे रंगीत चित्र टेबलावर पसरलेले असते, आणि ते चित्र पाहिल्यावर जुन्या इमारतीकडे वळून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही.

आमचे म्हणणे आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो. खेड्यातले जुने चर्च हा वारसा आहे. ते फार प्राचीन असते किंवा त्याच्या कमानी फार देखण्या असतात म्हणून नव्हे. ज्यांचे नाव कोणत्याही सातबाऱ्यावर नव्हते, ज्यांच्या आजोबा-पणजोबांची नोंद कोणत्याही बखरीत नाही, अशा माणसांच्या अस्तित्वाचा त्या गावातला तो एकमेव बांधीव पुरावा असतो. आणि पुरावा तपासल्यावाचून नष्ट करण्याचा अधिकार कोणासही नाही. पंचायत सभेला नाही, देणगीदाराला नाही आणि धर्मगुरूला तर मुळीच नाही.

'सरकारी यादीत नाव नाही, मग वारसा कसला?' असे विचारणारे सुशिक्षित लोकही आम्हाला भेटतात. त्यांच्यासाठी थोडा हिशेब. केंद्र सरकारच्या १९५८ च्या कायद्याप्रमाणे प्राचीन स्मारक ठरण्यासाठी वास्तू किमान १०० वर्षांची असावी लागते. साऱ्या देशात केंद्राने संरक्षित केलेली स्मारके साडेतीन हजारांच्या थोडी वर आहेत, आणि देशात खेडी आहेत सहा लाख. मुंबईत १९९५ साली वारसावास्तूंसाठी नियमावली आली. देशातील ती पहिली. पण अशा नियमावल्यांची नजर शहरांवर असते. पुलगाव, आर्वी, हिंगणघाट, समुद्रपूर या बाजूंच्या खेड्यांत येऊन दगडी भिंतीची मोजमापे घेणारा अधिकारी अजून जन्मावयाचा आहे. तेव्हा यादीत नाव नाही म्हणून वारसा नाही, हे म्हणणे शिधापत्रिकेवर नाव नाही म्हणून माणसाला भूक नाही, असे म्हणण्यासारखे आहे.

खरे म्हणजे वर्धेकरांना तरी हे सांगण्याची वेळ येऊ नये. गांधीजी १९३६ साली आमच्या जिल्ह्यातील शेगाव या खेड्यात राहावयास आले. १९४० साली त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. तेथील बापूकुटी आम्ही सर्वांनी पाहिली आहे. काय आहे तेथे? मातीच्या भिंती, बांबू, लाकूड आणि वर कवेलू. शिखर नाही, घुमट नाही, कोरीवकाम नाही. आमच्या चर्च समित्यांची फूटपट्टी लावली असती तर ती कुटी केव्हाच मोडकळीस आलेली ठरून तिच्या जागी स्लॅब पडला असता आणि दर्शनी भागाला फरश्या चिकटल्या असत्या. तसे झाले नाही. भिंती लिंपल्या जातात, कवेलू फेरले जातात, कुजलेला बांबू काढून नवा घातला जातो, आणि कुटी उभी आहे. आमच्या धर्मग्रामांच्या सहली सेवाग्रामला जातात. मुले कुटीपुढे वाकतात, मोठी माणसे चपला काढून उंबरठ्याशी गप्प उभी राहतात. आणि परत आल्यावर तीच माणसे आपले चर्च पाडण्याच्या वर्गणीच्या पावत्या फाडतात.

सेवाग्रामच्या अलीकडेच पवनार आहे. विनोबा १९३८ साली तेथे राहावयास आले. धाम नदीच्या काठी जमीन खणताना त्यांना जुनी शिल्पे सापडली. भरत-रामाच्या भेटीचे म्हणून ओळखले जाणारे शिल्प त्यांतलेच. विनोबा काही मूर्तिशास्त्राचे पंडित म्हणून तेथे गेले नव्हते. शेतीसाठी, श्रमासाठी कुदळ हाती घेतली होती. पण कुदळीला लागलेला दगड बोलतो आहे एवढे त्यांना कळले, आणि ती शिल्पे आश्रमात सन्मानाने बसली. आमच्याकडे मात्र कुदळ घेण्याचीही तसदी कोणी घेत नाही. जेसीबी बोलावला की चार दिवसांत मैदान साफ.

वर्ध्याच्या इतिहासात आणखी एक वास्तू आहे, आणि आमच्या मुद्द्याशी तिचे नाते सर्वांत जवळचे आहे. शहरातील लक्ष्मीनारायण मंदिर. जुलै १९२८ मध्ये जमनालाल बजाजांनी ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुले केले. आज त्या मंदिराविषयी बोलताना कोणी त्याच्या खांबांची लांबीरुंदी सांगत नाही. सांगतात ते एवढेच, की येथे एक दार उघडले. इतिहासात स्थान मिळाले ते त्या दाराला.

आता आमच्या खेड्यांतल्या साध्यासुध्या चर्चकडे या दृष्टीने पाहा. ज्या माणसाला गावच्या विहिरीवर पोहरा टाकता येत नव्हता, देवळाच्या पायरीला हात लावता येत नव्हता, त्याने एका दारातून आत पाऊल टाकले, गुडघे टेकले, आणि त्याच्या लेकराच्या कपाळावर पाणी पडून त्याचे नाव वहीत लिहिले गेले. चर्चमध्ये जात आलीच नाही, असा भोळा दावा आम्ही करणार नाही. ती आली, बाकांच्या रांगांत बसली, काही ठिकाणी दफनभूमीतही तिने आपली जागा धरून ठेवली. पण दार एकच होते आणि स्नानकुंड एकच होते. तो उंबरठा, ते कुंड, ती वही या गोष्टी आमच्या विदर्भातल्या ख्रिस्ती समाजाचे ताम्रपट आहेत. राजाचा ताम्रपट जमिनीत सापडला तर आम्ही वर्तमानपत्राला बातमी देतो. गरिबाचा ताम्रपट मलब्याच्या ट्रॉलीतून नाल्यात जातो.

हा समाज येथे आला कसा, हेही या भिंती सांगतात. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली. त्या रुळांबरोबर रेल्वेचे कामगार आले, सरकीबरोबर जिनिंगचे आणि गिरण्यांचे मजूर आले. सॅव्हॉय प्रदेशातून आलेले संत फ्रान्सिस दि सेल्स संघाचे धर्मगुरू त्यापूर्वीपासून कामठी-नागपूरकडे कार्य करीत होते. १८८७ साली नागपूरचा धर्मप्रांत झाला. पुढे १९६२ साली चांद्याचा वेगळा विभाग होऊन केरळातील सीरो-मलबार परंपरेच्या धर्मगुरूंनी वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली हा प्रदेश सांभाळला. म्हणजे सॅव्हॉयचा नकाशा, मलबारची प्रार्थना, आणि भिंत रचणारे हात मात्र येथल्या वडाराचे, बेलदाराचे, सुताराचे. जिल्ह्याची लोकसंख्या तेरा लाखांच्या घरात. त्यात ख्रिस्ती लोक शेकडा एकही भरत नाहीत. इतक्या थोड्या लोकांच्या इतिहासाची साधने किती असणार? ती आम्हीच आमच्या हाताने मोडावयाची?

यावर काही मंडळी राष्ट्रीय बाण्याने उत्तर देतात, 'ही टोकदार कमानीची चर्चे म्हणजे परकीय छाप आहे, ती पुसली गेलेलीच बरी.' संस्कृतीकरणाचा विचार आम्हीही सेमिनरीत शिकलो आणि तो आम्हाला मान्य आहे. पण पुसून त्या जागी काय उभे राहते, ते पाहावे. मंगल कार्यालयासारखा दर्शनी भाग, सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या, गुळगुळीत फरश्या, आणि वर विजेच्या दिव्यांचा क्रूस. यांत भारतीय ते कोणते? कॅटलॉगमधून उचललेली इमारत वर्ध्याची होत नाही. उलट जुन्या चर्चचा दगड येथल्याच खाणीतला काळा पाषाण, लाकूड येथल्याच जंगलातला साग. ज्यांना आपण मंगलोरी कवेलू म्हणतो त्यांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला काढला. आज त्यांना परकीय म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. दीडशे वर्षे ऊन-पाऊस सोसल्यावर वस्तू त्या मातीची होते, तशी कमानही होते.

आता तडे आणि गळती. येथे आम्ही जरा रेंगाळणार आहोत, कारण पाडापाडीची बहुतेक पापे याच दोन शब्दांच्या आड लपतात.

आमच्या जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या मातीचा. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवरची कोणतीही इमारत वर्षातून दोनदा थोडी हलतेच. जुन्या बांधकामात घाणीचा चुना असे. बैलांनी फिरवलेल्या दगडी चाकाखाली मळलेला हा चुना मऊ राहतो, भिंतीबरोबर थोडा वाकतो, आणि बारीक चीर पडली तर ओलाव्याने तो काही अंशी स्वतःच ती भरून काढतो. सिमेंटला हे जमत नाही. ते ताठ राहते आणि ताठ राहून फुटते. आता होते असे, की भिंत जरा जुनाट दिसू लागली की कोणी उत्साही मंडळी तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवितात. दगड-चुन्याच्या भिंतीत जमिनीतून चढणारी ओल पूर्वी चुन्यातून उडून जात असे. ती आता सिमेंटच्या आत कोंडली जाते. पाच-सात वर्षांत भिंतीच्या पायथ्याला लोणा लागतो, पोपडे सुटतात, आतला चुना पिठासारखा गळू लागतो. मग बैठकीत तीच भिंत बोटाने दाखवून म्हणावयाचे, 'पाहा, किती जीर्ण झाली आहे!' रोग्याला चुकीचे औषध द्यावयाचे आणि तो खंगला की वयाचा दोष म्हणावयाचा, अशातला हा प्रकार.

छपराचेही तेच. कवेलू दरवर्षी मे महिन्यात फेरावे लागतात, फुटके बदलावे लागतात, माकडांनी हलवलेले बसवावे लागतात. पन्हळीतला पाला काढावा लागतो. भिंतीच्या सांध्यात उगवलेला पिंपळ तो बोटाएवढा असतानाच मुळासकट काढावा लागतो. हे काम दहा वर्षे कोणी केले नाही की वासा कुजतो, आढ्याला बाक येतो, आणि मग मोठ्या गांभीर्याने ठराव होतो की इमारत धोकादायक आहे. इमारत धोकादायक असेल. पण तिला तसे करणारी हयगय कोणाची, हे त्या ठरावात कधी लिहिलेले आम्ही वाचले नाही.

आणि नव्या स्लॅबचे सुख काय? वर्ध्याला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. जुन्या चर्चची भिंत दोन-अडीच फुटांची, छप्पर उंच, कवेलूंच्या फटींतून आणि वरच्या झरोक्यांतून तापलेली हवा बाहेर जाते. दुपारी दोन वाजता आत शिरलेल्या माणसाला कोणी काही समजावून सांगावे लागत नाही. त्याचे अंगच त्याला सांगते. काँक्रिटचा सपाट स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळच्या मिस्साच्या वेळी ते भाविकांच्या डोक्यावर ओततो. मग पंखे, मग आणखी पंखे, मग वीज गेली म्हणून जनरेटर, आणि जनरेटरच्या आवाजात धर्मगुरूचे प्रवचन. स्वस्त म्हणतात ते हेच काय?

याच विषयात आमच्या जिल्ह्यातून साऱ्या देशाला शहाणपण गेले आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्याच्या मगनवाडीत ज्यांनी उभे केले ते जे. सी. कुमारप्पा ख्रिस्ती होते. स्थानिक सामग्री, स्थानिक हात आणि टिकाऊपणा यांचे अर्थशास्त्र त्यांनी येथे बसून मांडले. लॉरी बेकर या क्वेकर वास्तुशिल्पज्ञाला गांधीजींनी सांगितले होते की आदर्श घराची सामग्री पाच मैलांच्या परिसरातली असावी. बेकरांनी त्यावर केरळात आयुष्यभर काम केले. आमच्या खेड्यातली जुनी चर्चे ही कसोटी कोणी सांगण्यापूर्वीच उतरलेली आहेत.

नाव न घेता एका गावाची हकीकत सांगतो. चर्च पाडले गेले. सागाच्या तुळया एका व्यापाऱ्याने ट्रकातून नेल्या. घंटा वजनावर गेली. तिच्यावर कोणते अक्षर होते, कोणते साल होते, हे पाहण्याचे कोणास सुचले नाही. दगडी स्नानकुंड काही वर्षे अंगणात झाडाची कुंडी म्हणून होते, नंतर तेही दिसेनासे झाले. नव्या इमारतीच्या कोनशिलेवर मात्र बारा नावे आहेत, सोनेरी अक्षरांत.

घंटेचा विषय निघालाच आहे तर एक जुना इतिहास आठवावा. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेने वसई जिंकली. तेथल्या चर्चमधील घंटा विजयचिन्हे म्हणून मराठी मुलखात आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या पंचवटीतील नारोशंकराच्या देवळाची घंटा १७२१ ची, भीमाशंकरची १७२९ ची. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर नाना फडणविसांच्या वाड्याशी जी घंटा आहे ती १७०७ ची, आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियामाता आहे. या घंटा युद्धातली लूट होत्या, यात शंका नाही. पण ज्यांनी त्या नेल्या त्यांनी त्या वितळविल्या नाहीत. पावणेतीनशे-तीनशे वर्षे त्या छताखाली आहेत, वाजतात, आणि त्यांच्यावरचे साल आजही वाचता येते. परधर्मीयांच्या देवळात मरियामातेची घंटा सुखरूप राहिली. आमच्या अंगणातली मोडीत गेली. यावर अधिक काय लिहावे!

साहित्याची आवड असलेल्या या त्रैमासिकाच्या वाचकांना आणखी एक दाखला पुरे व्हावा. फादर थॉमस स्टीफन्सांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सतराव्या शतकातच त्याच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज जगात उपलब्ध नाही. १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाना यांनी ग्रंथ पुन्हा छापला तो हस्तलिखितांच्या आधारे. आणि देवनागरीतले हस्तलिखित मिळाले ते लंडनच्या एका संग्रहात. मराठी ख्रिस्ती समाजाचा सर्वांत मोठा ग्रंथ आमच्या घरात टिकला नाही. कागदाला वाळवी लागते, असे तरी म्हणता येते. काळ्या पाषाणाला कोणती वाळवी लागली?

आता धर्मशास्त्राच्या आधाराने केला जाणारा युक्तिवाद. तो सर्वांत वजनदार आहे आणि तो आम्ही आदराने ऐकतो. 'ख्रिस्तसभा म्हणजे दगडविटा नव्हेत, ख्रिस्तसभा म्हणजे माणसे. संत पेत्राने श्रद्धावंतांनाच जिवंत दगड म्हटले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हेच शिकविले. मग इमारतीचा हा मोह कशाला?' यातले प्रत्येक वाक्य खरे आहे. पण हे वाक्य नेमके कोणत्या वेळी उच्चारले जाते, हे पाहण्यासारखे असते. जुने पाडताना इमारत ही केवळ इमारत असते. नव्या इमारतीची वर्गणी मागताना तीच प्रभूचे मंदिर होते. दगडांचा मोह नको असेल तर तो दोन्ही वेळी नको.

शिवाय परिषदेचे नाव घेणाऱ्यांनी परिषदेचे दस्तऐवज वाचावेत. पवित्र उपासनेवरील १९६३ च्या संविधानात, १२३ व्या परिच्छेदात, ख्रिस्तसभेने कोणतीही एकच शैली आपली मानलेली नाही असे म्हटले आहे. आमचे आधुनिक मित्र तेवढेच वाचून थांबतात. त्याच परिच्छेदात शतकानुशतके जमलेला कलेचा ठेवा अत्यंत काळजीने जतन करावा, असेही बजावले आहे. परिषदेनंतर अवघ्या काही वर्षांत, १९७१ साली, रोमला जगातील सर्व बिशप परिषदांना एक परिपत्रक पाठवावे लागले. उपासनेतील सुधारणांचे निमित्त करून पवित्र स्थळांत भलतेसलते बदल केले जात आहेत आणि मोलाच्या वस्तू नष्ट होत आहेत, अशी त्यात स्पष्ट तक्रार आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेचे १२१६ वे कलम चर्च बांधताना व दुरुस्त करताना तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा असे सांगते. तज्ज्ञ म्हणजे ज्याला नव्या बांधकामाचा ठेका मिळावयाचा आहे तो गृहस्थ नव्हे, एवढे स्पष्टीकरण संहितेने द्यावयाचे राहून गेले असावे.

आणि असिसीचा फ्रान्सिस? सान दामियानोच्या पडक्या चर्चमध्ये, 'माझे घर दुरुस्त कर,' अशा अर्थाची हाक त्याला ऐकू आली. तिचा मोठा अर्थ पुढे कळला, हे आम्ही प्रवचनांत नेहमी सांगतो. पण आधी त्याने काय केले? दगड मागून आणले आणि भिंत दुरुस्त केली. ती पाडून मोठे बांधू या, असे त्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या मुलालाही वाटले नाही.

मोडलेल्या भिंतीचे मोल पुढच्या पिढीला कळते तेव्हा उशीर झालेला असतो, याचा एक दाखला जपानात आहे. नागासाकीचे नाव वसईच्या वाचकांना परके नाही. त्यांचा संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली तेथेच क्रूसावर हुतात्मा झाला. त्याच नागासाकीच्या उराकामी भागातील ख्रिस्ती लोकांनी अडीचशे वर्षे लपून श्रद्धा जपली. १८७३ साली बंदी उठल्यावर, जेथे त्यांच्या पूर्वजांना पवित्र चित्रे पायाखाली तुडविण्यास भाग पाडले जाई तीच जागा त्यांनी विकत घेतली आणि गरिबीतून विटा जमवून कॅथेड्रल उभारले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँबने ते उद्ध्वस्त झाले. उरलेल्या भिंती ठेवाव्यात की पाडाव्यात यावर वाद झाला, आणि १९५८ साली त्या पाडल्या गेल्या. दुसऱ्या वर्षी नवे कॅथेड्रल झाले. भिंतीचा एक तुकडा तेवढा जवळच्या उद्यानात नेऊन ठेवला आहे. हिरोशिमातील घुमट जगाला माहीत आहे. उराकामीच्या भिंती आता छायाचित्रांत पाहाव्या लागतात. याच नागासाकी भागातील लपलेल्या ख्रिस्ती लोकांच्या १२ स्थळांना २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांतली बहुतेक साधी खेडी आहेत. मासेमारांची, शेतकऱ्यांची. आमच्या खेड्यांसारखीच.

राहता राहिला जागा अपुरी पडण्याचा प्रश्न. तो खरा आहे, पण वर्षातून किती दिवस खरा आहे? नाताळ, पवित्र आठवडा, पुनरुत्थान आणि गावच्या आश्रयदात्या संताचा सण. एरवीच्या रविवारी मागचे बाक रिकामे असतात, हे आम्ही वेदीवरून रोज पाहतो. चार दिवसांसाठी मंडप घालता येतो, बाजूला पडवी काढता येते. समाज खरोखर वाढला असेल तर नवे चर्च शेजारी बांधावे आणि जुने आराधनेसाठी, धर्मशिक्षणासाठी, छोट्या मिस्सांसाठी ठेवावे. असिसीला फ्रान्सिसने स्वतः दुरुस्त केलेले पोर्सियुंकुलाचे चिमुकले चर्च आहे. यात्रेकरूंची गर्दी मावेना तेव्हा १५६९ पासून त्याच्यावर एक प्रचंड बॅसिलिका बांधण्यात आली. जुने चर्च पाडले नाही. नव्याने त्याला पोटात घेतले. आजही त्या विशाल छताखाली ते लहानसे दगडी घर जसेच्या तसे आहे, आणि यात्रेकरू आधी त्याच्याकडेच जातात.

नव्याला आमचा सरसकट विरोध आहे असा अर्थ कोणी काढू नये. दादरचे पोर्तुगीज चर्च १५९६ ची परंपरा सांगते. जुनी इमारत जाऊन १९७७ साली चार्ल्स कोरिया यांची नवी झाली, आणि ती स्वतःच आता अभ्यासाचा विषय आहे. पण खेड्यापाड्यांतल्या प्रत्येक ठेकेदाराच्या अंगी कोरिया संचारले आहेत असे समजून चालण्याइतके आम्ही भोळे नाही. दुरुस्तीही काही कमी प्रतिष्ठेची गोष्ट नव्हे. भायखळ्याच्या ग्लोरिया चर्चच्या जीर्णोद्धाराला २०१९ साली युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा पुरस्कार मिळाला. ते शहरातले, मोठे आणि पैसेवाले चर्च, हे खरे. पण त्या कामामागचे तत्त्व बापूकुटीच्या लिंपणाहून वेगळे नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे आणि ती आम्ही चांदा, नागपूर, अमरावती या तिन्ही धर्मप्रांतांच्या अधिकाऱ्यांपुढे आणि प्रत्येक धर्मग्रामाच्या पंचायत सभेपुढे ठेवीत आहोत. पाडण्याचा कोणताही ठराव विचारात घेण्यापूर्वी इमारतीची मोजमापे घेऊन आराखडा काढावा, आतून-बाहेरून छायाचित्रे घ्यावीत. आज प्रत्येक तरुणाच्या खिशात कॅमेरा आहे, त्याला एवढे तरी काम द्या. घंटेवरचा, कोनशिलेवरचा, थडग्यांवरचा मजकूर उतरवून घ्यावा. स्नानसंस्काराच्या, विवाहाच्या आणि मृतांच्या जुन्या वह्या वाळवीपासून वाचवून त्यांच्या प्रती धर्मप्रांताच्या कार्यालयात ठेवाव्यात. ज्याला नव्या कामातून एक रुपयाही मिळणार नाही अशा अभियंत्याकडून भिंतींची तपासणी करावी, आणि चुन्याचे काम जाणणारा गवंडी हयात आहे तोवर त्याला बोलवावे. दुरुस्तीचा खर्च आणि नव्याचा खर्च असे दोन्ही अंदाज रविवारच्या मिस्सानंतर मराठीत वाचून दाखवावेत, आणि त्या वेळी बायकांनाही बोलू द्यावे, कारण चर्च कोण झाडते, पन्हळ केव्हा तुंबते आणि पाणी नेमके कोणत्या कोपऱ्यात उतरते हे समितीच्या अध्यक्षापेक्षा त्यांना जास्त माहीत असते.

हे सारे होईपर्यंत धर्मगुरूने ठरावावर सही करू नये. निदान आम्ही तरी करणार नाही. तोवर करण्यासारखे काम पुष्कळ आहे. मृग लागण्याआधी कवेलू फेरून घ्यावे लागतील, आणि पश्चिमेच्या भिंतीतला पिंपळ यंदा मनगटाएवढा झाला आहे.